सासूबाईंनी तूप सोडलं

एखादी सासू सुनेला टोमणे मारते, एखादी कामाला जुंपते. दीपालीच्या सासूनं, सांगलीच्या राजमतीबाईंनी, यातलं काहीच केलं नाही. त्यांनी सुनेसाठी तूप सोडलं. आता अशा सासूशी भांडायचं तरी कसं, सांगा!

झालं असं, की दीपालीचा नवरा आर्जव नोकरीला आयर्लंडला गेला. दीपाली मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती. तिकडं नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड लागतात. पहिल्यांदा ती हौसेनं बसली आणि साडेसहा आले. अर्ध्यानं हुकलं. त्याच संध्याकाळी राजमतीबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेल्या, देवापुढं हात जोडले आणि नियम घेऊन आल्या, सून पास होईपर्यंत तूप खाणार नाही म्हणून. सांगितलं ते तरी किती सहज! "लय काय न्हाई गं, तूपच तर सोडलंय. तू अभ्यास कर."

जैनाच्या घरात नियम म्हणजे नियम. घेणाऱ्याला कुणी अडवत नाही आणि घेतलेला कुणी मोडत नाही. दुसऱ्यांदा साडेसहा आले, त्यांनी दूध सोडलं. तिसऱ्यांदा बसली, मेले ते साडेसहा काही हलेनात! गूळ-साखर गेली. सासरे अजितकुमार हळदीचे व्यापारी, चहा घेतल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढायचे नाहीत. त्यांनी बायकोच्या सोबतीला चहा सोडला.

दीपाली नोकरी सोडून शब्द पाठ करायला बसली. क्लासचे सर म्हणाले होते, साधे शब्द नकोत, ॲडव्हान्स शब्द घाला. मग रोज वीस शब्द वहीत. मेटिक्युलस म्हणजे काटेकोर. रिलक्टंट म्हणजे नाखूश. इनएव्हिटेबल म्हणजे न टळणारं. दुपारी राजमतीबाई वही मांडीवर घेऊन बसायच्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण दीपालीनं उच्चार मराठीत लिहून ठेवले होते, ते चष्मा पुसून पुसून वाचायच्या.

"ऑब्लिगेशन?"

"बंधन. उपकाराचं ओझं, आत्या." सासूला ती आत्याच म्हणायची.

"बरोबर. फुडचा."

चुकलं तर पुन्हा म्हणून घ्यायच्या, पण कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर दीपालीला बरं वाटलं असतं. निदान उलटं बोलता आलं असतं.

शब्द तिला सगळे येत होते. घोळ व्हायचा तो परीक्षेत. दवाखान्यात केरळच्या नर्सशी, बाहेरच्या डॉक्टरांशी ती साध्या इंग्रजीत छान बोलायची. इथं मात्र आत्यांच्या ताटातली कोरडी भाकरी डोळ्यापुढं यायची आणि एक शब्द पुरे तिथं ती तीन कोंबायची. परीक्षक बाईंनी विचारलं, तुमचं शहर कसं आहे? हिनं सांगलीच्या बाजाराला मेटिक्युलस म्हणून टाकलं. बाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं, तेव्हाच दीपाली समजली.

एकदा तिनं फोनवर आर्जवला सांगून टाकलं, "मला नको आता ही परीक्षा. तू ये परत न्हाईतर मी राहते इथं, नोकरी करते."

"अगं, पण आईच्या नियमाचं काय?"

"तो मी घ्यायला लावला होता का?"

"तुझ्यासाठीच घेतलाय न्हवं तिनं?"

कपाळ! तिनं फोन ठेवला आणि चौथ्यांदा फॉर्म भरला.

निकालाच्या दोन दिवस आधी राजमतीबाई मोरीजवळ चक्कर येऊन खाली बसल्या. दीपालीनं बीपी बघितलं, फारच उतरलं होतं. "आवं आत्या, घोटभर दूध घ्या."

"नियम हाय गं माझा."

"मोडा एकदाचा!"

"असं बोलू न्हाई, बाळ," एवढंच म्हणून त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. दीपालीला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

निकाल आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. फोन उघडला. साडेसहा. मान वर केली तर सासरे दुकान सोडून दारात उभे, आणि राजमतीबाई भिंतीला धरून.

"किती गं?"

"सात आले, आत्या," दीपालीच्या तोंडून निघून गेलं.

अजितकुमार लहान मुलासारखे रडले. मग स्वतःच परातीत रवा काढला, तूप ओतताना हात आखडला नाही. दीड वर्षानं राजमतीबाईंनी शिरा खाल्ला, वर पेलाभर दूध घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग येताना बघून दीपालीतली नर्स सुखावली. सून मात्र आतून हादरली होती. आत्यांनी जिवापाड पाळलेला नियम तिनं एका वाक्यात, त्यांना न विचारता मोडला होता. तिला भडभडून आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतेय.

राजमतीबाई हात धुऊन, चांगली साडी नेसून बस्तीत गेल्या. तासाभरानं आल्या त्या हसतच.

"आता व्हिसाच तेवढा राहिला न्हवं? तो येईस्तोवर मीठ सोडलं बघ मी. मीठ काय, एवढंसं तर असतंय!"

बीपी उतरलेल्या माणसानं मीठ सोडलं की काय होतं, हे नर्सला कुणी सांगायला नको. आणि खरे सात आल्याशिवाय व्हिसा काही येणार नव्हता. दीपाली न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि उभ्याउभ्याच फोनवर पाचव्या परीक्षेचा फॉर्म भरायला लागली. सगळ्यात जवळची तारीख अजून महिनाभर लांब होती.