कालवं फोडणारे आमचे दादा

अकरा वर्षं मी आमच्या सासूबाईंचा एकुलता एक जावई होतो. या पदाला पगार नाही, पण मान होता. तोंगयोंग या आमच्या बंदरगावातल्या चढावरच्या त्या घरी सणाला गेलो की कोंबडीची तंगडी माझ्या ताटात पडायची, खालून तापलेल्या जमिनीवरचा सगळ्यात ऊबदार कोपरा माझा असायचा. बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे, हे सासूबाई शेजारणींना अशा थाटात सांगायच्या की जणू मी लोकांना डोळेच बसवून देतो.

मग एके दिवशी अमेरिकेतून फोन आला. माझ्या बायकोची, उन-जूची, थोरली बहीण ग्योंग-सुन नेब्रास्कात नर्स होती. एकेचाळीस वर्षं झाली तरी तिनं लग्न केलं नव्हतं, आणि घरच्यांनी तो विषय सोडून दिला होता. म्हणजे फक्त सणावारी काढायचे. तर तिनं सांगितलं, लग्न केलं. नवरा तिथलाच, नाव ग्लेन, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवल्या आणि मला म्हणाल्या, "मुन जावई, तो तुमच्याहून लहान आहे ना?"

"पाच वर्षांनी."

"पण थोरलीचा नवरा आहे. तुम्हाला त्याला दादाच म्हणावं लागेल."

आमच्याकडे साडवांचं वय बायकांच्या वयावरून मोजतात. तेव्हा नेब्रास्कातला तो मिस्त्री, ज्यानं मला कधी पाहिलं नव्हतं आणि आमचा देश नकाशात बोट ठेवून दाखवला असता की नाही याची शंका होती, तो एका फोनवर माझा दादा झाला. मी धाकटा जावई झालो. तंगड्या दोनच असतात म्हणून बरं.

पुढच्याच वर्षी सासूबाई मासळीबाजारात ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. थोरली लेक म्हणून ग्योंग-सुन नोकरी सोडून धावत आली, मागोमाग दादा. सहा महिन्यांसाठी आले होते. त्याला सात वर्षं झाली.

दादा सव्वासहा फूट उंच. आमच्या घराच्या प्रत्येक चौकटीला त्यांनी कपाळ लावून नमस्कार केला. गावानं मात्र त्यांना पाहताक्षणी मास्तर करून टाकलं. गोरा माणूस आला म्हणजे तो इंग्रजी शिकवणारच, त्यात त्याला विचारायचं काय? आठवड्याभरात माझ्या दुकानात आयांची रांग लागली. एकीलाही चष्मा नको होता. मी भिडेपोटी दोघींना शब्द देऊन बसलो. दादा म्हणाले, मला शुद्धलेखन येत नाही. लोकांना हा विनय वाटला. मग त्यांनी बँकेच्या मॅनेजरच्या मुलीला तासभर इंजिनातलं तेल कधी बदलावं ते शिकवलं, तेव्हा रांग आपोआप मोडली.

ग्योंग-सुनला वृद्धांच्या इस्पितळात काम मिळालं. दादा घरात बसून चौकटी मोजत राहिले. शेवटी मनगट बरं झालेल्या सासूबाई एक दिवस त्यांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. सासूबाई कालवं फोडायला जातात. बंदरापलीकडे पत्र्याची शेड आहे, आत लांबलचक टेबलांवर कालवांचे ढीग, दोन्ही बाजूंनी रबरी एप्रन घातलेल्या बायका, हातात बोटभर पात्याचा चाकू. शिंपल्याच्या फटीत चाकू घालायचा, मनगट वळवायचं, मांस बादलीत, शिंपला खाली. पहाटेपासून दुपारपर्यंत. अकरा बायका होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. बारावे दादा.

बायकांना "ग्लेन" म्हणता येईना. "गुल्लेन" म्हणायला लागल्या. गुल म्हणजे आमच्याकडे कालव. अमेरिकेतून माणूस आला आणि बारशासकट कालव झाला.

पहिल्या महिन्यात त्यांनी कालवांपेक्षा स्वतःची बोटं जास्त फोडली. पण हात मिस्त्रीचा होता, वळण लागलं. आणि भाषा आली. सरकारी वर्ग होते, पुस्तकं होती, ग्योंग-सुननं फोनमध्ये काहीतरी घालून दिलं होतं. दादांनी यातलं काहीच केलं नाही. ते अकरा म्हाताऱ्यांमध्ये बसून ऐकत राहिले. दीड वर्षानं त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं असेल?

एका सकाळी ते माझ्या दुकानात आले, खुर्चीत बसले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "अगं बाई गं, कंबर धरली बघ माझी. जेवलास का रे बाबा? तोंड किती सुकलंय. बायको काही करून घालते की नुसती मिरवते?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकीनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"दादा," मी हळूच म्हणालो, "पुरुष असं बोलत नाहीत."

"जळ्ळं मेलं," दादा म्हणाले, "मला कोण शिकवणार? मी जाते, मासळी घ्यायची राहिली."

डोळे मिटले तर सत्तर वर्षांची तोंगयोंगची म्हातारी, उघडले तर नेब्रास्काचा मिस्त्री. मासळीवाले त्यांना भाव कमी करून द्यायचे. मला, इथे जन्मलेल्याला, तीस वर्षांत कोणी दिला नाही.

दादांच्या या कौतुकात ग्योंग-सुनकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, उगीच खोटं कशाला सांगू. ती कामावरून यायची, ताटं घासायची, गप्प बसायची. गावात बाहेर पडली की चार जणी गाठायच्या. मूल का नाही? वजन वाढलं का? अमेरिकेत इतकी वर्षं राहून घर नाही बांधलंस? ती हसायची. मला वाटायचं, स्वभावच शांत.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात दादांच्या आईला, आर्लीनबाईंना, ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. सासूबाई म्हणाल्या, व्याह्यांकडे जायलाच हवं. दादा, ग्योंग-सुन, सासूबाई असे तिघं ठरले. चौथा मी, कारण सामान उचलायला कोणीतरी हवं होतं. थोरल्या जावयाला ओझी उचलायला लावणं बरं दिसत नाही.

अमेरिकेत उतरल्यावर रांगा वेगळ्या झाल्या. ग्योंग-सुननं केव्हाच तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं, म्हणून ती दोघं एका झटक्यात पार. उलट आमच्याकडे, स्वतःच्या जन्मगावी, परतताना ती परक्यांच्या रांगेत उभी राहते, ही गंमत निराळी. सासूबाई आणि मी तासभर उभे होतो. अधिकाऱ्यानं पिशवीतली सुकी मांदेली हुंगली आणि विचारलं, "कशासाठी आलात?" शाळेत दहा वर्षं घोकलेलं माझं इंग्रजी नेमकं तेव्हाच बाथरूमला गेलं. सासूबाई आमच्याच भाषेत ठणकावून म्हणाल्या, "विहिणीला भेटायला. दार उघडा." त्यानं शिक्का मारला.

दादांचं गाव म्हणजे एक रस्ता आणि मका. थोरला भाऊ डेल आमच्या स्वागताला उभा होता. सहा वर्षांनी भाऊ भेटत होता. तो म्हणाला, "आलास." दादा म्हणाले, "हं." एवढ्यावर भरतभेट आटोपली आणि आम्ही जेवायला बसलो.

भाजलेलं मांस, बटाट्याचा लगदा, थरथरणारी हिरवी जेली. पंधरा मिनिटं फक्त काट्यांचा आवाज. मग डेल म्हणाला, "मका बरा आहे." दादा म्हणाले, "हं." आर्लीनबाई म्हणाल्या, "पाऊस हवा होता." सगळे म्हणाले, "हं."

मी दादांकडे पाहिलं. आमच्या शेडमध्ये ज्यांचं तोंड कालवापेक्षा जास्त वेळा उघडतं, ते दादा खांदे पाडून लगद्यात काटा फिरवत होते. चौकटी इथे उंच होत्या, तरी ते वाकूनच बसले होते.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "धाकटे जावई, हे लोक याच्यावर रागावलेत का?"

"नाही आई. हे असंच बोलतात."

"याला बोलणं म्हणतात?" त्यांनी काटा खाली ठेवला आणि टेबलापलीकडे थेट विचारलं, "गुल्लेन, तुला बरं नाही का रे? ती दोक-र्येची सून परत आली का माहेरून? आपण निघालो तेव्हा सगळी खबर तुलाच होती."

दोक-र्ये शेडमधली, सासूबाईंच्या शेजारच्या स्टुलावरची. दादांनी मान वर केली. "कशाची येते गं बाई," ते म्हणाले. आणि धरण फुटलं. सुनेनं सासूचा किमचीच्या लोणच्याचा फ्रिज न विचारता विकला, सासूनं सुनेचे बूट समुद्रात टाकले, मुलगा दोघींच्या मध्ये उभा राहून रडला, हे सगळं हातवारे, आवाज, उसासे यांसकट. मांडीवर थापा मारत. दहा मिनिटं.

डेलचा घास हातात राहिला. आर्लीनबाई मुलाकडे बघत होत्या. त्यांनी ग्योंग-सुनला विचारलं, "तो काय सांगतोय?"

ग्योंग-सुननं सांगितलं. फ्रिज, बूट, सगळं.

"त्यानं मला आयुष्यात एवढं कधी सांगितलं नाही," आर्लीनबाई म्हणाल्या. खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, "मग पुढे काय झालं? बूट मिळाले का?"

त्या आठवड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती बघायला माझ्या दुकानातला कुठलाच चष्मा लागला नसता. ग्योंग-सुन डेलची जुनी गाडी घेऊन बाहेर पडायची, कोपर खिडकीबाहेर टाकून, मोठ्यानं गात. जुन्या इस्पितळातल्या मैत्रिणींकडे जाऊन आली की तिचा आवाज अंगणातून ऐकू यायचा. एका दुपारी ओसरीवर मला म्हणाली, "मुनराव, इथे मला कोणी काही विचारत नाही. किती बरं वाटतं, तुम्हाला नाही कळायचं."

"मग परत का आलात?"

"आईचं मनगट मोडलं होतं."

"ते तर दोन महिन्यांत जुळलं."

ती उठून आत गेली. मी सामान उचलणारा माणूस, जास्त काय बोलणार.

वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी तिथल्या जुन्या इस्पितळानं तिला कामावर यायला सांगितलं, चार महिन्यांच्या करारावर. डेलनंही दादांना सांगितलं की गॅरेजमधली तुझी जागा रिकामी आहे. त्यानं एका दमात बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य असावं. त्यावरून संध्याकाळी स्वयंपाकघरात नवराबायकोचं भांडण झालं. ती इंग्रजीत भांडत होती आणि दादा आमच्या भाषेत.

"मी सहा वर्षं तिथे काढली," ती म्हणत होती. "रस्त्यावर बाहेर पडले की माझी चौकशी सुरू होते. तुला सगळे लाडावून ठेवतात, मला सगळे तपासतात."

"आणि मी इथे काय करू गं बाई?" दादा म्हणत होते. "कोणाशी बोलू? मक्याशी? इथे माझ्या तोंडाला कुलूप लागतं. लहानपणापासून लागतंय."

सासूबाई बटाटे सोलत बसल्या होत्या. त्यांना भांडणाचा निम्मा भाग कळत होता, जावयाचा. उरलेला निम्मा मी माझ्या मोडक्या इंग्रजीतून त्यांच्या कानात सांगितला. त्यांनी सुरी ठेवली.

"ग्योंग-सुन, तुला परत ये असं कोण म्हणालं होतं?"

"आई, तुझं मनगट..."

"मनगट मोडलं होतं, मान नाही. मला वाटलं तुझं तिकडे बिनसलं, म्हणून आलीस. म्हणून मी काही विचारलं नाही."

"मला वाटलं तुला मी हवी आहे."

"हवी आहेसच. पण अशी तोंड शिवलेली नको."

सहा वर्षं तीन माणसांनी एकमेकांचा मान राखून एकमेकांना जेरीस आणलं होतं. या कामात आम्ही लोक फार तरबेज आहोत. दादा डोळे पुसत होते, ग्योंग-सुन सिंककडे तोंड करून उभी होती. सासूबाईंनी बटाटा परत हातात घेतला आणि म्हणाल्या, "कालवांचा हंगाम उन्हाळ्यात नसतो. शेड बंद झाली की दोघं इकडे या. ऑक्टोबरला शेड उघडली की दोघं तिकडे या. आणि ग्योंग-सुन, बाहेर कोणी मूल का नाही विचारलं तर सांग, आईला विचारा. मी बघते त्यांच्याकडे."

तेच ठरलं. सासूबाईंना आणि मला घेऊन परतीचं विमान आलं तेव्हा ती दोघं तिथेच राहिली. उन्हाळाभर ती गाडीच्या खिडकीतून गात फिरते आणि ते डेलच्या गॅरेजात "हं" म्हणतात. हिवाळाभर ते शेडमध्ये बसून गावाची उणीदुणी काढतात आणि ती सहन करते. दुःखाची अशी रास्त वाटणी झाल्यावर दोघंही बऱ्यापैकी आनंदात आहेत. मधल्या काळात सासूबाईंचा गॅस, औषधं, छपराची गळती आणि सप्टेंबरमध्ये सासऱ्यांच्या थडग्यावरचं गवत कापणं, हे धाकट्या जावयाकडे आलं. पदोन्नतीच म्हणायची.

पहिल्या ऑक्टोबरला ग्योंग-सुनचा करार एक महिना वाढला आणि दादा एकटेच आले. मी त्यांना आणायला बसच्या तळावर गेलो. ते उतरले, थकलेले, दाढी वाढलेली, हातात एकच पिशवी. गाडीत बसले, पट्टा लावला, आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत सुरू झाले.

"अरे बाबा, काय सांगू तुला, माझी आई आहे ना, तिनं त्या डेलला..."

चार महिन्यांचं साचलेलं होतं. मला मध्ये एक "हं" टाकायलाही जागा मिळेना. तळापासून सासूबाईंचं घर दहा मिनिटांवर आहे. चौकात मी डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळलो आणि पुलापलीकडच्या बेटाला पूर्ण वळसा घालून त्यांना आणलं. दादांच्या ते लक्षातही आलं नाही. घरी सासूबाईंनी उशीर का झाला विचारलं, तेव्हा मी पुलावर काम चालू आहे म्हणून सांगितलं.