बिल्ला काढून ठेवा

नांदेडच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईंच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला दिसला आणि अणुवीज केंद्रातली ती दुपार आठवली.

गळणाऱ्या झडपेचं काम अर्धवट होतं. अंगावर घ्यायच्या किरणोत्सर्गाच्या ठरलेल्या मर्यादेजवळ पोचलेल्या माणसाला आत पाठवायचं नाही, असा नियम. आमचे कंत्राटी फिटर, लोह्याचे मारुतीमामा, मर्यादेला टेकले होते. तरी मी म्हणालो, “मामा, बिल्ला इथंच काढून ठेवा आणि जा आत.”

ते हसले. “काट्यावरून उतरलं की माणूस हलका. हाव ना साहेब?”

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, “आत बिल्ला होता ना?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. “हाव साहेब, होता की.”

मी मान डोलावली.

मामांना पुढं काही झालं का, हे मी कधीच विचारलं नाही. लोहा इथून बसनं तासाभरावर आहे.