डॉक्टर काय म्हणाला
लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तो मान उदगीरला मिळाला नाही म्हणून आम्ही उदगीरकर धुसफुसत टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे राहायचो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. गावातल्या व्हिडिओ हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर लागला की मालक मला टीव्हीशेजारी खुर्ची द्यायचा आणि मी चाललेलं बोलणं मोठ्यानं मराठीत सांगायचो. लोक हसले की मला चढायचं.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर त्या उन्हाळ्यात देगलूरच्या रस्त्यावरून दीड दिवस गायब झाले. सापडले ते कोरड्या तळ्यात. म्हणाले, आभाळातून उजेड आला आणि मला उचलून नेलं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. फळ्यावर नुसते डोळे काढत बसायचे. सगळी शाळा त्यांना जपायची, चहा पाजायची. माझा जळफळाट व्हायचा. अख्खं गाव पाण्यावाचून तडफडतंय आणि लाड कुणाचे, तर यांचे! मास्तरांच्या बायकोला मात्र वाटायचं, यांची देगलूरला कुणीतरी बाई आहे. ती नांदेडला माहेरी निघायच्या बेतात होती.

तेवढ्यात नेमका तसलाच पिक्चर आला. परग्रहावरच्यांनी उचलून नेलेला एक माणूस आणि परतल्यावर त्याच्या डोक्याची झालेली दैना. दुपारच्या खेळाला मास्तर बायकोला घेऊन आले.

"सर, हिला नीट सांगा. माझ्यावर हिचा भरोसा न्हाई, तुमच्यावर हाय."

शेवटाकडे डॉक्टर त्या माणसासमोर बसून हळू आवाजात बोलतो आणि तो ढसाढसा रडतो. डॉक्टर म्हणाला होता, माझा तुझ्यावर विश्वास आहे. मला स्वच्छ कळलं होतं.

मी ओरडलो, "डॉक्टर म्हणतोय, बस कर नाटक! बाईकडं गेलतास, कबूल कर!"

हॉल खदाखदा हसला. वहिनी उठल्या आणि मागं न बघता बाहेर पडल्या. खरं सांगतो, मला मजा वाटली.

हॉल रिकामा झाल्यावर मास्तर जवळ आले. "सर, डॉक्टर खरंच तसं म्हणला?"

"हाव."

"अन् त्यानं कबूल केलं?"

"रडला की."

"मग मी बी गेलो असंन. मलाच आठवंना झालंय."

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोपुढं सगळं कबूल केलं. तिनं बाईचं नाव विचारलं. ते त्यांना सांगता आलं नाही. लपवताहेत असं समजून ती सकाळी लेकरं घेऊन माहेरी गेली.

हे मला मास्तरांनीच शाळेत येऊन सांगितलं. मग अगदी हळू विचारलं, "सर, पिक्चरमधल्या त्या बाईचं नाव काय होतं?"