न मोजलेला कळप

जनवाड्याच्या बसथांब्यावरून बिदरच्या दिशेनं चालू लागलं की डाव्या हाताला उमाजीचं दुकान. दारात पंपांच्या जळालेल्या मोटारी उघड्या पोटानं पडलेल्या, आणि उमाजी मांडी घालून त्यांच्या पोटात तांब्याची तार भरत बसलेला. आमच्याकडे विजेचा दाब कधी इतका खाली जातो की बल्बमधली तार नुसती लालसर दिसते. त्यात पिकं वाळतात, मोटारी जळतात आणि उमाजीची चूल पेटते. पण तोच दाब त्याच्या घरातल्या एका वस्तूचा वैरी होता, आणि त्या वैरापायी हा शांत माणूस चिडका होऊन गेला.

ती वस्तू म्हणजे पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर. बिदरमधला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, सामान मोडीत निघालं, तेव्हा उमाजीनं तो घोंगडीत गुंडाळून बसनं आणला. ज्या कट्ट्यावर पूर्वी त्याच्या बापाची, आप्पांची, काठी आणि कुऱ्हाड असायची, तिथं तो बसवला. आत अठ्ठ्याण्णव सालची सिस्टम होती. मशीन घरी आलं तोवर ती बनवणाऱ्यांनीही तिचा नाद सोडला होता. नवी सिस्टम त्या मशीनच्या एवढ्याशा मेमरीत मावत नव्हती, आणि मावली असती तरी उमाजीनं घातली नसती. हीच एक तो पुस्तक पुढ्यात ठेवून, ओळीवर अंगठा धरून, स्वतः शिकला होता. मोटारीची गुंडाळी जशी बोटांना ठाऊक, तशा हिच्या खोडी ठाऊक.

पुढे गावात ब्रॉडबँडची तार आली आणि उमाजीनं त्या मशीनचा सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे काय, असं विचारलं की तो सांगायचा, "सगळे दुसऱ्याच्या मशीनवरचं बघाय जातेत. माझ्या मशीनवर लोक यितेत. दार उघडं ठिवलंय, बस." त्यासाठी मशीन सदा चालू हवं. उमाजी ते बंद करत नसे. ते आपणहून बंद पडायचं.

त्या दारातून आत गेलं की एक कॅसेट ऐकू यायची. उमाजीचं घराणं मेंढरांचं. माळ नांगराखाली गेले, चराई उरली नाही, भाऊबंद हैदराबादला, पुण्याला, आखातात कामाला पांगले, आणि बाप वारल्यावर कळप विकायचं ठरलं. विकायच्या आदल्या संध्याकाळी उमाजी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसला. त्याला आईच्या ओव्या हव्या होत्या. म्हाळसाबाई मैलारच्या मल्लण्णा देवाच्या ओव्या गातात, अर्धी ओळ मराठी, अर्धी कन्नड. पण मेंढरं आत आल्याशिवाय त्या गाणार कशा? म्हणून कॅसेटची एक बाजू जवळजवळ सगळी गळ्यातल्या घंटांची, खुरांची, कुत्र्याच्या भुंकण्याची आणि म्हातारीच्या हाकांची. ओव्या दुसऱ्या बाजूला.

ती कॅसेट उमाजीनं मशीनमध्ये उतरवली. गावाबाहेर गेलेल्या माणसाला कुठूनही ऐकता यावी, एवढाच हेतू. पानाच्या तळाशी दुकानाचा फोन नंबर लिहिला.

आणि मग तो कावला. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की मशीन. वीज आली तरी लाइन नाही. लाइन आली की टेलिफोनवाले मशीनला नवाच पत्ता देणार. मेंढकी माणसांचा तळ जसा रोज हलतो, तसा ह्या मशीनचा पत्ता हलायचा, आणि प्रत्येक वेळी मागून येणाऱ्यांसाठी नेटवर नव्या पत्त्याची खूण ठेवावी लागायची. ती खूण ठेवणारा छोटा प्रोग्राम एके दिवशी म्हणाला, तुझी सिस्टम जुनी झाली, मी आता इथं चालणार नाही. तेव्हापासून खूण उमाजीच हातानं ठेवू लागला. जेवता जेवता उठायचा. मोटार अर्धी भरून उठायचा. मशीन अडकून पडदा निळा पडला की शेजारच्या घरापर्यंत शिव्या ऐकू यायच्या.

"गावाच्या मोटारी जित्या करायलाव," त्याची बायको मंगल म्हणायची, "आन् घरातलं हे मढं तेवढं उठंना."

"मढं म्हनू नगंस."

"मग काय म्हनू? सवत?"

दसऱ्याला बहिणीचा मुलगा रविकुमार आला. मूळचा मुडबीचा, हैदराबादला कॉम्प्युटर कंपनीत. मामाच्या मशीनकडे बघून तो हसला, पण हात लावला प्रेमानं. दुपारभर बसून त्यानं पानावर एक आकडा बसवला. कुणी पान उघडलं की आकडा एकानं वाढायचा.

म्हाळसाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "ते काय हलायलंय रं?"

"आज्जी, किती लोक आले ते मोजायलंय."

म्हातारीचा चेहरा पार उतरला. "काढ ते."

"आगं, माणसं मोजायलंय, मेंढरं न्हाई."

"मेंढरं आसू दे न्हाईतर माणसं. आपल्या वाडग्यात आलेलं मोजत न्हाईत. तुझ्या आज्ज्यानं कदी बोटावर मेंढरू मोजलं न्हाई. नजर लागती, गळती लागती. काढ म्हनलं न्हवं?"

रविकुमारनं मामाकडे पाहिलं. मामानं मान हलवली. आकडा गेला. त्याच्या मागोमाग, कोण कधी आलं त्याची मशीन जी नोंद ठेवायचं, तीही उमाजीनं बंद करून टाकली. आईचा शब्द पाळायचा तर पुरा पाळायचा.

"मग मामा, कुणी ऐकतंय का न्हाई, ते कसं कळणार तुमाला?"

"आप्पांना कळायचं. सांजंला वाडग्याच्या तोंडाला हुबं ऱ्हायचे. एक जरी कमी आसलं तरी कळायचं."

"आप्पांना मेंढरं दिसत होती, मामा. तुमाला काय दिसतंय?"

हा प्रश्न उमाजीला कुरतडू लागला. कुणी येतंय का? की आपण रिकाम्या माळावर दार उघडं ठेवून बसलोय? गावातून गेलेले चुलतभाऊ सणावारी यायचे, तेव्हा तो आडून आडून विचारायचा. "व्हय, एकदा बघितलं होतं की," असं म्हणून ते चहाकडे वळायचे.

रविकुमार जाताना सांगून गेला होता, की फुकट जागा देणाऱ्या मोठ्या साइटवर सगळं टाकू. वीज नको, बॅटरी नको, शिव्या नकोत. फक्त एवढी लांब कॅसेट ती साइट घेत नाही. "सुरवातीचं ते घंटा-बिंटा कापू. ओव्या तेवढ्या ठेवू." उमाजीनं ते पुढं ढकललं होतं.

त्या उन्हाळ्यात विजेनं कहर केला. एका दुपारी मशीन चालू व्हायचं, निळं पडायचं, पुन्हा चालू व्हायचं, पुन्हा निळं. उमाजी घामानं निथळत उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं भिंतीतला प्लग उपटला.

"बास," तो मला म्हणाला. मी मोटार घ्यायला आलो होतो. "आता बघू. कुणाचं काय हरवलं आसलं तर वरडंल. न्हाई वरडलं, तर माझं वाडगं रिकामंच होतं म्हनायचं. मग रविकुमारला सांगतो, काप काय कापायचं ते."

नंबर पानावर होता, फोन दुकानात होता. उमाजी फोनच्या जवळ बसून तार गुंडाळू लागला. फोन वाजायचा. "उमाजीअण्णा, मोटार झाली काय?" एवढंच. मृग निघाला, पेरण्या झाल्या. कुणीही ओरडलं नाही. उमाजीचा आवाज उतरला, शिव्या थांबल्या. शिव्या थांबल्यावर मंगलला जास्त भीती वाटू लागली. एके दिवशी त्यानं मशीनचा पंखा काढून दुकानातल्या तारांना कथलाचा डाग द्यायच्या टेबलावर धूर उडवायला लावला, आणि रविकुमारला फोन करून सांगितलं, "रविवारी ये. घेऊन जा काय न्यायचं ते."

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. मी तिथंच होतो. पलीकडचा माणूस इतका चढ्या आवाजात बोलत होता की मलाही ऐकू येत होतं.

"जनवाड्याचं उमाजी काय? पेज कामून बंद केलास ओ?"

"कोण बोलायलाय?"

"मी शिवशरण, चिंताकीचा. शारजाहून. पैले वाटलं इथलंच नेट खराब हाय. मग लॅपटॉपवाल्या पोराला शिव्या घातल्या. नंबर कुठं लिहून ठेवलाय? बंद पेजच्या आत! आता गावाकडनं मेव्हण्याला तुमच्या बसथांब्यावर पाठवून नंबर काढलाव मी."

उमाजीच्या हातातली तार खाली पडली. एवढा हुशार माणूस, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्यानं ओरडायचं, त्याच्या ओरडण्याची वाट त्यानं स्वतः प्लगबरोबर उपटली होती.

"आईच्या ओव्या ऐकायलास व्हय?" त्यानं हळूच विचारलं.

"ओव्या? न्हाई ओ. ओव्या कधी यितेत तेबी ठाव न्हाई, तवर झोप लागती. त्याच्या आधी ते घंटा हाय न्हाई का, आन् ते कुत्रं. आमच्या रूममध्ये एक जहिराबादचा हाय, त्याला मराठी यित न्हाई, कन्नड यित न्हाई. तो रोज म्हनतो, कुत्ता लगा दे भाई."

"कुत्रं," उमाजी म्हणाला.

"व्हय, कुत्रं. ते तिसऱ्यांदा भुंकल्यावर म्हातारी आक्का हाक मारती न्हाई का, तेवढं. लवकर चालू करा ओ अण्णा. झोपंचं वांदं झालंय."

फोन ठेवून उमाजी माझ्याकडे वळला. असं चिडलेलं मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. "आईची वाणी जगाला ऐकवावी म्हनून जीव जाळला, आन् ह्यांना कुत्रं पायजे!" असं म्हणत तो टेबलावरचा पंखा काढायला लागला. तो निघेना. डाग देताना गरम राळ सांडून पक्का चिकटला होता. शेवटी त्यानं मशीनचा पत्रा उघडा टाकला आणि घरातला टेबलफॅन आणून त्याच्या उघड्या पोटासमोर ठेवला.

मशीननं घरघर केली. मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं, म्हणून आधी सगळी डिस्क तपासतो, असं पडद्यावर आलं. निळ्या पट्टीतला पिवळा ठिपका गोगलगायीसारखा पुढे सरकू लागला. उमाजी गुडघ्यावर हात ठेवून समोर बसला. त्यानं मंगलला रविकुमारला फोन लावायला सांगितलं. "म्हनावं, रविवारी ये, पर मोकळ्या हातानं जा. आन् येताना पंखा आन."

आतून म्हाळसाबाईंनी विचारलं, "घावलं काय रं?"

"घावलं आई. पर लई वरडायलंय."

"आनिक हाईत?"

"मला कामून इचारायलीस? तूच मोजू देईना झालीस."

म्हातारी हसली की खोकली, ते कळलं नाही. ठिपका अर्ध्यावर आला होता. टेबलफॅनची पाती जड झाली, वरचा बल्ब लालसर पडला, आणि वीज गेली. इतके दिवस पडून राहिलेली बॅटरीही मेली होती, मशीन विझलं.

उमाजीनं घातलेली शिवी बसथांब्यापर्यंत ऐकू गेली. मग तो उठला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि नवी बॅटरी आणायला बिदरच्या बसला हात केला.