कातड्याच्या सीटा

आमच्या घरी एकेकाळी स्पोर्ट्स कार होती असं सांगितलं की लोक आधी माझ्या पातळाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विषय बदलतात. पण होती. विलायती, हिरवी, बिनछपराची, दोन सीटांची. सत्तरच्या दशकात धरमपेठेत भाड्याच्या दोन खोल्या, नळाला सकाळी थोडा वेळ पाणी, आणि दारात ही.

आणली ह्यांनी. हे म्हणजे आमचे यजमान, सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब देश सोडून चालला होता, त्याची ती गाडी. दोनच माणसं बसतात म्हणून तिला कोणी हात लावत नव्हतं. नागपुरात गाडी घ्यायची ती सगळं घर कोंबून रामटेकला जायला, नाहीतर कशाला घ्यायची? पण जी वस्तू कोणीच घेत नाही तिच्यावर ह्यांचा हटकून जीव जडतो. ही तक्रार नाही. माझंही लग्न बरंच उशिरा जमलं होतं.

घरात माणसं तीन. हे, मी आणि सासूबाई. गाडीत जागा दोन. आता कोणी म्हणेल, मग भांडण ठरलेलंच. तर नाही. सासूबाई माळकरी. सासरे गेल्यावर त्यांनी तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून दोन गोष्टी कडक पाळल्या. जनावराच्या कातड्याला शिवायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. आम्हाला दुसरीचा त्रास जास्त. शेजारीण हौसेने वाटीभर भाजी घेऊन यायची आणि आळणी आहे हे ऐकून परत जायची. कातड्याचं त्यामानाने सोपं होतं. त्यांच्या पायात रबराच्या चपला, ह्यांचा कमरेचा पट्टा बाहेर व्हरांड्यात खुंटीला. आणि गाडीच्या सीटा अस्सल कातड्याच्या. गाडी आली त्या दिवशी सासूबाईंनी लांबूनच हळदकुंकवाचा करंडा माझ्याकडे सरकवला, मेल्या ढोरावर मी बसत नाही म्हणाल्या, आणि आत गेल्या. विषय संपला.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं निघायचो. फुटाळा तलावापर्यंत, कधी सेमिनरी हिल्सचा चढ चढून. तेवढाच काय तो वेळ आमचा. घरी पुढच्या खोलीत सासूबाई, मागच्या खोलीत दिवसा चूल आणि रात्री आम्ही, आणि मध्ये दार नव्हतं, पडदा होता. हे घरात बोलायचे ते ‘मीठ’ आणि ‘येतो’ एवढंच. गाडी सुरू झाली की हाच माणूस बडबडायला लागायचा. कचेरीतल्या गोष्टी, लहानपणच्या गोष्टी, जन्मात पुरे न होणारे बेत. गिअर टाकून झाला की त्यांचा डावा हात माझ्या हातावर येऊन पडायचा. पुढच्या गिअरपर्यंत तिथेच. आमच्या संसारात ह्याहून जास्त शृंगार नव्हता आणि मला तो नकोही होता. पण तेवढा मात्र हवा होता.

नागपूरचा उन्हाळा विलायती कातड्याला मानवत नाही. आधी भेगा पडल्या, मग पापुद्रे निघाले, आणि एका रविवारी आतल्या स्प्रिंगने वर येऊन माझं पातळ फाडलं. मी गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण पातळ लग्नातलं होतं. मी बोलले, आणि चांगली बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सीटा नव्याने करू, घरीच करू, त्यात काय आहे?

ह्यांच्या ‘त्यात काय आहे’ला मी घाबरते. ह्याच वाक्यानंतर आमचा रेडिओ कायमचा गप्प झाला होता.

कातडं पुन्हा फाटणारच, तेव्हा जाड सुती कापड लावायचं असं हे जेवताना सांगत होते आणि मी मान डोलावत होते. सासूबाईंनी पोळी मोडता मोडता मान वर केली.

“कातडं निघून राहिलं का? मंग मले बसाले काय हरकत हाये?”

हे एकदम खूश. आईला कधी फिरवायला मिळालं नाही ह्याची त्यांना खंत होतीच. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. वरण ताटाबाहेर गेलं. शिलाई मशीन घरात एकच, तेही माझ्या माहेरचं. म्हणजे मीच बसून शिवायचं आणि मीच माझी जागा घालवायची. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. आणि म्हातारीला फिरायला नेऊ नका असं कोणती सून बोलून दाखवेल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी हात टेकले नाहीत. दुसऱ्या दिवशी कातड्याची बाजू घेतली. विलायती वस्तूला विलायतीच शोभतं म्हटलं. हे म्हणाले, काल तर तू वेगळं बोलत होतीस. मग मी रेक्झिन सुचवलं. दिसायला कातड्यासारखं, मनात म्हटलं, सासूबाईंना शंका तरी राहील. सासूबाईंनी विचारलं, हे जनावराचं असतं का? आईचा वारसा म्हणून असेल, खोटं बोलणं ह्यांनाही जमत नाही. रेक्झिन कारखान्यात कसं होतं हे त्यांनी आईला सविस्तर समजावून सांगितलं. आणि उन्हात रेक्झिन तव्यासारखं तापतं म्हणून शेवटी कापडच ठरलं.

सीताबर्डीच्या दुकानदाराने विचारलं, सोफा है या दीवान? हे मोटार म्हणाले आणि तिची सगळी हकीकत सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं आणि सोफ्याचंच कापड दिलं, मरून रंगाचं. घरी आल्यावर सासूबाईंनी ते बोटांत चोळून बघितलं आणि सूतच आहे अशी खात्री करून घेतली.

मग सीटा निघाल्या. गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून ह्यांनी त्या मोकळ्या केल्या आणि व्हरांड्यात आणून ठेवल्या. जुनं कातडं आम्ही ब्लेडने शिवणीशिवणीवर उसवलं, एकेक तुकडा वर्तमानपत्रावर पसरून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. नकाशे काढणारा माणूस, प्रत्येक तुकड्यावर त्याने देखण्या अक्षरात आकडा घातला. आतला काथ्या कुजला होता. माझ्या बाजूच्या सीटमध्ये एक केसाचा आकडा सापडला. माझा नव्हता. त्या साहेबाच्या बायकोचा असणार. म्हणजे तीही बिचारी इथेच बसत होती. मी तो आकडा ह्यांना न दाखवता बाजूला ठेवला आणि सीट भरताना पुन्हा आत घातला.

काथ्याच्या जागी कापूस भरायचा हे सासूबाईंनी ठरवलं. वऱ्हाडातल्या माणसाच्या डोक्यात गादी म्हटलं की कापूसच येतो, दुसरं काही येत नाही. त्यांच्या माहेरचं कापसाचं पोतं घरात होतंच. ते पिंजून आणलं आणि हात न राखता आम्ही भरलं. दिवाळीच्या करंजीसारख्या टम्म सीटा झाल्या. त्या बसवून हे चौकापर्यंत चक्कर मारायला गेले ते एक डोळा मिटूनच परत आले. बसल्यावर त्यांचं डोकं काचेच्या वर निघत होतं आणि रस्त्यातला एक किडा सरळ डोळ्यात गेला होता. मग त्यांची सीट उसवून अर्धा कापूस काढला. मी दुसरीला ब्लेड लावणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, माही राहू द्या उंच, गुडघ्यांनी मले खाली बसवत नाही.

माही म्हणाल्या. अजून कोणी बसलं नव्हतं तिच्यावर. त्या दुपारी माझ्या मशीनच्या सुया मोडल्या. कापड जाड आहे म्हणून मोडल्या असं मी सगळ्यांना सांगितलं.

शेवटची शिवण मशीनवर होत नाही. खोळ सीटवर चढवायची आणि कडा हाताने, दाभणाने टाके घालून आवळायच्या. ते जाड सूत दर दोन टाक्यांना पिसकटून तुटत होतं. ह्यांना कळलं, सुताला मेण हवं. मेणबत्ती घासून बघितली तर तिचा भुगा पडला. मी वैतागून दाभण खाली टाकलं. तेव्हा सासूबाई उठल्या, आपली पेटी उघडली आणि एक छोटा लाकडी करंडा घेऊन आल्या. मी तो कधी बघितला नव्हता. आत मेणाचा गोळा होता, वाळून काळपट झालेला. पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. सासरे गेले, कुंकू गेलं, मेण पेटीत राहिलं. त्या गोळ्याला मधोमध बोटाचा खळगा पडलेला होता.

“घे वं. पडूनच हाये.”

मी हात पुढे केला, पण त्यांनी गोळा दिला नाही. पाय पसरून बसल्या आणि माझ्या हातातलं सूत घेऊन स्वतःच त्या मेणावरून ओढायला लागल्या. दोन्ही सीटांचं सगळं सूत त्यांनी असं मेणातून काढलं, एकेक धागा, आणि मी टाके घातले. माझा राग गेला असं काहून सांगू? नाही गेला. पण त्या खळग्याकडे बघवत नव्हतं.

आला रविवार. सासूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं, पदर कानावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली आणि त्या उंच सीटवर अंबारीत बसावं तशा बसल्या. फाटक मी उघडलं. टेकडीच्या गणपतीला जाऊन येतो म्हणून हे निघाले. मी व्हरांडा झाडला. तो सकाळी झाडलेलाच होता. इतकं रडू येत होतं की पुन्हा झाडला.

दिवेलागणीनंतर गाडी आली. सासूबाई पाय धुऊन देवापाशी बसल्या त्या जेवायलाच उठल्या. कसं झालं विचारलं तर चांगलं झालं म्हणाल्या. हे माझ्याकडे बघेनात. काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी नळावर, बादली भरता भरता सांगितलं.

जाताना गर्दी होती, जाताना सगळं ठीक होतं. येताना ह्यांनी सवयीने गाडी फुटाळ्याकडे वळवली. रस्ता मोकळा लागला आणि ह्यांचं तोंडही मोकळं झालं. कचेरीतली कसलीशी गोष्ट सांगत होते. गिअर टाकला आणि हात जिथे नेहमी जातो तिथे गेला. वर ‘अगं ऐकतेस ना’ म्हणाले. मग त्यांना हाताखालची बोटं वेगळी लागली. घाबरून गोष्ट थांबली, पण हात उचलायचंही सुचेना. सासूबाईंनी हात ओढून घेतला नाही. थोड्या वेळाने विचारलं, “तिच्या हातावर असाच ठेवतं का गा?”

खोटं बोलता येत नाही म्हटलं ना. हे ‘हो’ म्हणाले.

त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की तुझा बाप बैलगाडीतही पुढे बसे आणि मी मागे, कडब्यावर.

मी बादली उचलली. झालं, म्हटलं. आता उरलंसुरलंही बंद. आठवडाभर मी बोलणी खायची वाट बघत होते, पण त्या नेहमीसारख्याच होत्या, वरणात मीठ जास्त झालं की सांगत होत्या.

पुढच्या रविवारी हे गाडी पुसून आईला हाक मारायला आले. सासूबाई जुन्याच लुगड्यात, दाराशी गहू निवडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी नाही येत बापा. त्या सुताले जनावराची चरबी लावतेत म्हणते. मले नाही चालत. तुमीच जा दोघं.”

हे सरळ माणूस. लगेच समजावायला लागले, आई, चरबी कुठली, मेण लावलंय, आणि तूच तर… मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. सासूबाई गव्हातले खडे वेचत राहिल्या. माळ गळ्यात होती.

मी पातळ बदललं नाही, होती तशीच निघाले. पदर बांधून घे वं, वारं लय असते, असं त्यांनी मागून सांगितलं. ती सीट फारच उंच होती, माझं डोकं काचेच्या वर निघत होतं आणि डोळ्यांना पाणी येत होतं. किडा गेला असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ते खरं मानलं आणि गिअर टाकला.

सासूबाई नंतर पुष्कळ वर्षं होत्या. सुताचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. ती सीट कापूस काढून खाली करून देतो असं हे दर उन्हाळ्यात म्हणायचे. मी तिला ब्लेड लावू दिलं नाही. सासूबाईंच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं.