पीटी माफ

फौजेत रेडिओ ऑपरेटरच्या कॅडरसाठी, म्हणजे प्रशिक्षणासाठी, मला नागपूरच्या छावणीत पाठवलं. माझं गाव चंदगडकडं, दोन दिवसांची वाट. दहावीनंतर शाळा सुटलेली. वर्गात बसायचं म्हटलं की तळहाताला घाम यायचा. कॅडर पाच आठवड्यांची. नापास झाला तो आरटीयू, म्हणजे मान खाली घालून आपल्या युनिटला परत.

पहिल्या टेस्टला मी शेवटचा आलो. सुभेदारसाहेबांना दया आली. हुकूम निघाला, "याला पीटी माफ. तेवढा वेळ अभ्यास."

०५३० ला बाकीचे पळायला जायचे. मी बॅरेकमध्ये वही धरून. सकाळी पाठ केलेला कोड दुपारी गायब. झोप उडाली. असे दहा दिवस गेले. दया म्हणे! धडधाकट माणसाला पंगू करायची ही रीत.

आम्हाला शिकवणारे उस्ताद हवालदार पौनीकर, उमरेडच्या विणकर घरातले. एका सकाळी ते दारात उभे.

"काहून गा, बिमार हायेस का?"

"नाही उस्ताद. डोकं चालत नाही म्हणून पीटी माफ आहे."

"डोकं चालत नाही तं पाय बांधले? कोण्या शहाण्याचा हुकूम हाय?"

"सुभेदारसाहेबांचा."

उस्तादांनी माझ्या हातातली वही काढून घेतली. मग म्हणाले, "बूट घाल."

सरळ सुभेदारसाहेबांसमोर नेलं. "साहेब, याले पळू द्या. फेल झाला तं माझा रिपोर्ट खराब करा."

"लिहून देता?"

"देतो."

दिलं. माझ्यासारख्यासाठी.

रिटेस्टला, म्हणजे फेरपरीक्षेला, आठ दिवस होते. रोज चार किलोमीटर पळायचं, अंग पुसायचं आणि लगेच वर्ग. पळताना मी कोड पुटपुटलो की उस्ताद खुशीत ओरडायचे, "ते मंग! आता दम सांभाळ, लेका!" पळून आल्यावर डोक्यातला गलका थांबायचा. ऐकलेलं टिकायला लागलं. रात्री झोप लागली.

रिटेस्ट ०९०० ला. सेटवर मी 'वन', पलीकडे परीक्षक 'टायगर'.

"वन फॉर टायगर, मेसेज, ओव्हर."

"टायगर, सेंड, ओव्हर."

दोन चुका. पास.

आता निवृत्त होऊन मी नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहतो. इथल्या एका शाळेनं दहावीचा पीटीचा तास गणिताला दिला. हेडमास्तरांना भेटलो. ते हसले. "बोर्डाचं वर्ष आहे. मैदानावर काय डोकं वाढतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलेली माणसं ही! मी कमी शिकलेला, वाद घालता येत नाही. जे घडलं तेवढंच सांगितलं.

कॅडरनंतर दोन वर्षांनी सीमेवरच्या आमच्या पोस्टवर गोळीबार झाला. बदलून आमच्याच पोस्टवर आलेले उस्ताद ११२० ला गोळी लागून गेले. सेटवर मी होतो. कोण गेलं त्याचा मेसेज खाली मुख्यालयाला कोडमध्ये द्यायचा होता: नंबर, रँक, नाव. कोडचं कार्ड बंकरच्या ढिगाऱ्याखाली गेलेलं. सगळा मेसेज डोक्यातून दिला.

हवालदार पौनीकर. एक अक्षर चुकलं नाही.