नाल्यावरचा रुंद पूल

म्युनिसिपालटी ही केवळ माझ्या बायकोच्या मामांना फसवण्यासाठी काढलेली संस्था आहे, याबद्दल सगळ्या नाहूरमध्ये एका माणसाला तिळमात्र शंका नव्हती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द मामा. उभा जन्म त्यांनी गिरणीत तयार कापडातले दोष शोधण्यात घालवला. संपात गिरणी बंद पडली, कापड संपलं, पण नजर तशीच राहिली. ती मग रस्ते, गटारं आणि दिव्यांच्या खांबांकडे वळली. रस्ता खणायला माणसं आली की मामा खुर्ची आणि छत्री घेऊन खड्ड्याशेजारी बसत. एकच खड्डा दोनदा खणल्याचं दाखवतात, असा त्यांचा पक्का समज होता. एकदा जुनेच खांब रंगवून नवे म्हणून खपवतील या संशयाने त्यांनी गल्लीतल्या सगळ्या खांबांना खुणेसाठी शेंदराचा ठिपका लावला. आठवडाभरात कोपऱ्यावरच्या खांबाला कोणीतरी हार घातला, शनिवारी तेल पडू लागलं, आणि खांब बदलायला आलेल्या माणसांना चाळीतल्या बायकांनी हात लावू दिला नाही. मी हसलो तर मामा गंभीरपणे म्हणाले, "हसा जावयानू. हार कोणी घातलो त्याची चौकशी करूक होयी."

बजेटचे दिवस आले की मामांच्या अंगात वारं शिरायचं. वर्तमानपत्रातली बजेटची बातमी ते आधी शेवटून वाचत, कारण लपवायचं ते शेवटी घालतात म्हणे. अमक्या खात्याला जास्त का, तमक्याला कमी का, यावर चहा गार होईस्तोवर तावातावाने बोलत. चारचौघांत ते चांगलं शुद्ध बोलायचे. संशय आला की मात्र मालवणी सुरू व्हायची, त्यामुळे मामांना कधी शंका आली हे आम्हाला लगेच कळायचं. मामी आतून म्हणायच्या, "त्यांका देवळातल्या तीर्थाचोय संशय येता."

पण एका बाबतीत मामा मनापासून मागणं मागत होते. चाळीच्या मागे नाला, नाल्यापलीकडे दवाखाना, आणि मध्ये दोन लाकडी फळ्या. मामींचे गुडघे गेलेले, साखर वाढलेली, दर मंगळवारी त्यांना इंजेक्शनसाठी त्या फळ्यांवरून जावं लागे. एका पावसाळ्यात त्या घसरल्या आणि कमरेपर्यंत चिखलात गेल्या. त्या दिवसापासून मामांनी पुलासाठी अर्ज करायला सुरुवात केली. ते सांगायचे आणि मी लिहायचो, कारण त्यांच्या मते माझं अक्षर कारकुनी होतं आणि सरकारला तेच समजतं. असे चार वर्षांत चार अर्ज गेले.

पाचव्या वर्षी नगरसेवकाने गणपती मंडळाच्या मांडवात बैठक घेतली. बजेटमध्ये आपल्या भागाला एकच मोठं काम मिळणार. नाल्यावर पूल की मैदानात बाग आणि कारंजं, तुम्हीच ठरवा, असं तो म्हणाला. मामा उठले, खिशातून भाषणाचा कागद काढला. त्यांनी तोंड उघडायच्या आत नगरसेवक हसून म्हणाला, "मामा, बसा हो. तुमचा पूल मंजूर समजा. हा बघा नकाशासुद्धा आणलाय."

तिथेच घात झाला. चार वर्षं नाही म्हणणारा माणूस इतक्या लवकर हो म्हणतो म्हणजे काय? मामांनी नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मालवणी सुरू झाली. "ट्रक जायत इतको रुंद पूल आमका कित्याक होयो? पलीकडच्या मोकळ्या जागेवर कोणाचो डोळो आसा, ता आधी सांगा."

मांडवात कुजबुज झाली. नगरसेवक म्हणाला, "अहो, इंजिनिअरने काढलाय, मला काय ठाऊक?" हे उत्तर तर फारच संशयास्पद होतं. मामा तासभर बोलले. इतकी वर्षं त्यांचं ऐकून अख्खी चाळ संशयात तयार झाली होती. हात वर झाले ते कारंज्यासाठी. खोटं कशाला सांगू, माझाही झाला. मागच्या बाकावर मामी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही.

पंधरा दिवसांनी मामा मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले, तो ट्रकवाला कोण ते पकडायला. इंजिनिअर भला माणूस होता. त्याने फाईल काढली आणि आमचाच चौथा अर्ज पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, माझी पत्नी आजारी असते, तरी दवाखान्याची गाडी चाळीपर्यंत येईल इतका रुंद पूल बांधावा, ही विनंती. खाली मामांची सही होती आणि अक्षर माझं.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. सही खोटी आहे असं ते म्हणतील, असं मला वाटलं. देवाशप्पथ, म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद नीट फाईलीत ठेवला आणि इंजिनिअरला नमस्कार केला. त्यानंतर दर मंगळवारी ते मामींचा हात धरून फळ्यांवरून नेऊ लागले, आधी स्वतः एक पाय टाकून, मग त्यांना बोलावून.

पूल झाला, पण तीन बजेटं उलटून गेल्यावर, आणि झाला तोही अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कडेला अंग चोरावं इतका. तोवर मामी अंथरुणाला खिळल्या होत्या; दवाखान्यातून औषध आणायला मामा एकटेच जात. पूल खुला झाला त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पलीकडे जाऊन आलो. मामांनी रुंदी मोजायला पट्टी काढली नाही, कठड्याला हात लावून पाहिला नाही.

खोलीत आल्यावर मामींनी विचारलं, "पूल कसो झालो?"

"बरो झालो," मामा म्हणाले.

"रुंद आसा?"

मामांनी औषधाची बाटली फळीवर ठेवली. "आसा. गाडी जायत इतको."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.